स्तनपान आणि लोह : अर्भकपोषणाचा जमाखर्च

जन्मानंतर पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध द्यावे, हे धोरण जागतिक आरोग्य संघटना आणि भारत सरकार या दोघांनीही स्वीकारलेले आहे. दुसरीकडे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार देशातील ६ ते ५९ महिने वयाची ६७.१ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त होती. हे प्रमाण कर्नाटकात ६५.५, तर महाराष्ट्रात ६८.९ टक्के होते. मातेच्या दुधात लोह अल्प असते. मग स्तनपानाचा पुरस्कार आणि रक्तक्षयाचे निर्मूलन ही उद्दिष्टे परस्परविरोधी आहेत काय?

शिल्लक आणि आवक

पूर्ण दिवसांच्या अर्भकाच्या शरीरात जन्मतः दर किलो वजनामागे सुमारे ७५ मिलिग्रॅम लोह असते. ही शिल्लक गर्भावस्थेत, मुख्यतः शेवटच्या तिमाहीत जमा होते. मातेच्या दुधात लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी लोह असते. मात्र ते उत्तम रीतीने शोषले जाते. शिल्लक आणि दूध यांवर निरोगी अर्भकाचे साधारण सहा महिने निभावतात. त्यानंतर वाढत्या शरीराला दररोज सुमारे पाऊण मिलिग्रॅम लोह शोषून घ्यावे लागते. दुधातून त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा मिळतो. उरलेली तूट पूरक आहारानेच भरून काढावी लागते. अपुऱ्या दिवसांच्या वा कमी वजनाच्या अर्भकांची शिल्लक लवकर संपते; त्यांना वैद्यकीय सल्ल्याने लोह आधीच द्यावे लागते.

कर्नाटकाचा अनुभव

कर्नाटकाच्या दोन ग्रामीण जिल्ह्यांतील १२ ते २३ महिन्यांच्या बालकांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय संस्थेतील संशोधक त्यात सहभागी होते. सुमारे तीन-चतुर्थांश बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. बालकाच्या हिमोग्लोबिनचा संबंध त्याच्या शरीरातील लोहाशी, मातेच्या हिमोग्लोबिनशी, तसेच कुटुंबाची सांपत्तिक स्थिती व अन्नसुरक्षा यांच्याशी दिसून आला. वर्षानंतरही स्तनपान चालू असलेल्या बालकांत लोहसाठा तुलनेने कमी होता. याचा अर्थ स्तनपान थांबवावे असा नव्हे. दुधाच्या जोडीला लोहयुक्त अन्न पुरेसे मिळाले पाहिजे, हाच त्याचा बोध होय.

कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत परिचित असलेल्या नाचणीत दर १०० ग्रॅममागे सुमारे ४.६ मिलिग्रॅम लोह असते. परंतु तिच्यातील फायटेटमुळे शोषण घटते. मोड आणल्याने फायटेट कमी होते आणि जोडीला क जीवनसत्त्वयुक्त फळे दिल्यास शोषण वाढते. तथापि, राष्ट्रीय सर्वेक्षण-५ नुसार ६ ते २३ महिन्यांच्या केवळ ११.३ टक्के बालकांना पर्याप्त आहार मिळत होता.

वेळेचे अर्थशास्त्र

स्तनपानाला पैसा लागत नाही, असे म्हटले जाते. परंतु मातेचा वेळ लागतो. बंगळुरूच्या तयार कपड्यांच्या उद्योगात बहुसंख्य कामगार स्त्रिया आहेत. २०१७ च्या कायदादुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा २६ आठवडे झाली, म्हणजे जवळपास सहा महिने. बांधकाम मजूर व घरकामगार स्त्रियांना मात्र अशी सवेतन रजा व्यवहारात मिळत नाही. त्यांच्या बाबतीत धोरण आणि उपजीविका यांचा थेट संघर्ष होतो.

धोरणाच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी गर्भावस्थेची. २०१८ च्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात गर्भवतीस १८० दिवस लोह-फॉलिक ॲसिड गोळ्यांची तरतूद आहे. दुसरी प्रसूतीची. नाळ किमान एक मिनिटानंतर बांधल्यास अर्भकाला अधिक रक्त, पर्यायाने अधिक लोह मिळते. तिसरी सहा महिन्यांनंतरची. पूरक आहार, आणि ६ ते ५९ महिन्यांच्या बालकांस आठवड्यातून दोनदा लोह-फॉलिक ॲसिड सिरप.

आकडेवारी वापरताना विद्यार्थ्यांनी मापनपद्धतीही ध्यानात घ्यावी. शिरेतील रक्त तपासणाऱ्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात (२०१६-१८) १ ते ४ वर्षांच्या ४१ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. बोटातील रक्तावर आधारलेल्या आकड्यांशी त्याची सरळ तुलना करता येत नाही. वयोगटही भिन्न आहेत.

सारांश, दोन्ही उद्दिष्टांत विरोध नाही. अर्भकाची लोहतूट मातेच्या दुधामुळे नव्हे, तर गर्भावस्थेत न साठलेल्या शिल्लकीमुळे आणि सहा महिन्यांनंतर न मिळालेल्या अन्नामुळे निर्माण होते. म्हणून बालकाच्या रक्तक्षयाविरुद्धची गुंतवणूक मातेच्या आरोग्यापासूनच सुरू झाली पाहिजे.