गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि वेदनेचा बंदोबस्त

गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आता आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी होऊन गेली आहे. सांधा कोणत्या बनावटीचा व खर्च किती, हे सारेच विचारतात; शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेची तजवीज काय, हे मात्र क्वचितच. वास्तविक रोग्यास एक-दोन दिवसांतच उभे करावयाचे असते. वेदनेच्या भयाने त्याने गुडघा वाकविला नाही, तर नवा सांधाही आखडतो.

शस्त्रक्रियेच्या वेळी बहुधा कमरेत सुई देऊन शरीराचा खालचा भाग बधिर करतात. जर्मन शल्यवैद्य ऑगस्ट बीर याने १८९८ साली ही पद्धत रूढ केली. त्याने व त्याच्या साहाय्यकाने ती एकमेकांवरच करून पाहिली, आणि पुढे कित्येक दिवस बीर डोकेदुखीने अंथरुणास खिळून होता!

ही भूल काही तासांत उतरते. खरी परीक्षा त्यानंतरची. कण्यालगत बारीक नळी ठेवून औषध देत राहिल्यास वेदना उत्तम शमते; परंतु दोन्ही पाय जड होतात, रक्तदाब उतरतो, लघवी अडते. जांघेतील मज्जातंतू बधिर केला तर एकाच पायाचे भागते, पण मांडीच्या पुढील स्नायूंचा जोर जातो. आमच्या वडील भगिनींस ही सुई दिलेली होती. दुखत नाही म्हणून पहाटे त्या एकट्याच उठल्या, आणि पाय असा लटका पडला की पलंगाचा कठडा हाती आला नसता तर नवा गुडघा त्याच दिवशी मोडता.

म्हणून हल्ली अनेक डॉक्टर मांडीच्या मध्यावर, ‘अ‍ॅडक्टर कॅनॉल’ या जागी सुई देतात. ध्वनिलहरींच्या यंत्रावर मज्जातंतू पाहून औषध सोडतात. वेदना कमी होते, आणि स्नायूंचा जोर पुष्कळसा टिकतो. गुडघ्याच्या मागील बाजूचे दुखणे याने भागत नाही. त्यासाठी तेथे वेगळी सुई देतात, किंवा शल्यवैद्य सांध्याभोवतीच औषध भरतात. सुई कोणतीही असो, आधाराशिवाय रोग्यास उठू देऊ नये.

एकदाच दिलेल्या सुईचा अंमल साधारण १२ ते २४ तासांचा, व तो नेमका रात्री सरतो. तेव्हा गोळ्या केव्हा सुरू करावयाच्या, हे संध्याकाळीच विचारून ठेवावे. आपले वडीलधारे ‘सोसवते’ म्हणून गप्प राहतात. त्यांस पुनःपुन्हा विचारावे.

रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास त्याचे नाव व शेवटची मात्रा केव्हा घेतली, हे भूलतज्ज्ञास आधीच लिहून द्यावे. अशा रोग्यास कण्यात सुई दिल्यास आत रक्त साकळून पाय कायमचे लुळे पडण्याचा धोका असतो.