बाकी २ मुलांचं काय करायचं?

इंजिनिअरिंगला आल्यापासून नातेवाइकांत माझी एकच ओळख उरली आहे : 'ह्याला गणित येतं!' (एम-थ्रीचे मार्क मी घरी नीट सांगितलेले नाहीत, हा भाग वेगळा.) त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत मामीने बारक्याला माझ्या ताब्यात दिलं.

बारक्या माझा मामेभाऊ, वय वर्षे ११. दोन वर्षांपासून तो शाळेत जात नाही, मामीच त्याला घरी शिकवते. गुणाकार-भागाकार चोख. पण शाब्दिक उदाहरण दिसलं की पठ्ठ्या पेन्सिलीला टोक काढत बसतो.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "सईने ८ गोट्या वाटल्या. तिच्याकडे १५ उरल्या. आधी किती होत्या?"

"सात."

"कसं काय?"

"'उरल्या' आलं की वजाबाकी."

मी लगेच वहीत 'क्ष – ८ = १५' असं समीकरण मांडलं. बारक्या त्याकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "दादा, मला हे येत नाही म्हणूनच माझी शाळा सुटली ना?"

काय बोलावं सुचेना. क्ष खोडला आणि स्वयंपाकघरातून मूठभर शेंगदाणे आणले. १५ त्याच्यासमोर ठेवले, ८ माझ्या हातात. "हे मला तूच दिलेस. आता सांग, आधी तुझ्याकडे किती होते?" त्याने माझ्या हातातले ओढून घेतले आणि म्हणाला, "२३!" म्हणजे गणित येत होतं. गडबड होती ती वाचण्यात, आणि 'एकूण म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी' असल्या शॉर्टकटमध्ये.

पुढचे आठ दिवस आम्ही जे केलं, ते घरी लहान भावंडांना शिकवणाऱ्यांसाठी इथे देतोय.

१) आधी गोष्ट, मग आकडे. आकडे बोटाने झाकायचे आणि काय घडलं ते मुलाला त्याच्या शब्दांत सांगू द्यायचं. गोष्ट सांगता आली नाही, तर आकडेमोड सुरूच करायची नाही.

२) पट्ट्या काढा. आई आणि मुलगा यांच्या वयांची बेरीज ४८, आईचं वय मुलाच्या तिप्पट. मुलाची एक पट्टी, आईच्या तेवढ्याच तीन. मिळून चार पट्ट्या म्हणजे ४८, म्हणून एक पट्टी १२. मुलगा १२ वर्षांचा, आई ३६ ची. क्ष न घेता! खरं तर ती पट्टी म्हणजेच क्ष, फक्त डोळ्यांना दिसणारा.

३) अंदाज करा. उत्तर दिलेल्या आकड्यापेक्षा मोठं यायला हवं की लहान? गोट्या वाटल्यावर १५ उरल्या, तर आधी सात कशा असतील?

४) उत्तर परत गोष्टीत ठेवा. ५० मुलं सहलीला निघाली, एका जीपमध्ये ८ बसतात, तर जीप किती? बारक्याने लिहिलं, '६, बाकी २'. मी म्हटलं, "त्या २ मुलांना घाटात सोडायचं का?" तो खो खो हसला आणि ७ लिहिलं. भागाकार आधीही बरोबरच होता, पण उत्तर आत्ता बरोबर आलं.

५) मुलालाच उदाहरण रचू द्या. घरी शिकण्याचा हा मोठा फायदा, तासाची घंटा वाजत नाही. किराण्याची यादी, दुधाचा हिशेब, गिरणीतलं दळण, सगळीकडे उदाहरणं आहेत.

यात माझं स्वतःचं नवीन काही नाही. जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९४५ साली 'हाऊ टू सॉल्व्ह इट' या पुस्तकात चार पायऱ्या सांगितल्या : प्रश्न समजून घ्या, बेत आखा, तो अमलात आणा, मागे वळून तपासा. आपण फक्त तिसरी करतो! 'गिव्हन' लिहायचं, फॉर्म्युला शोधायचा, किंमती टाकायच्या. गेल्या सेमला माझ्या शाफ्टचा व्यास ४ मीटर आला होता आणि मी त्याखाली दोन रेघा मारून मोकळा! म्हणजे बारक्याच्या आणि माझ्या चुकीत फरक काय?

निघताना बारक्याने वही पुढे केली. त्यात होतं : 'दादा ८ दिवस राहिला. रोज ३ गणितं झाली. त्यातली ५ चुकली. तर बारक्याला किती गणितं येतात?'

उत्तर त्यानेच खाली लिहिलं होतं : १९. आणि पुढे कंसात, '५ परत करणार.'