झाकलेला पंख घेऊ नका

"पंख तयार आहेत, नुसते जोडायचे," असं सांगून मला अर्धवट बांधलेलं किट-विमान विकलं गेलं. कामाची नोंदवही आणि फोटो मी व्यवहाराआधीच मागितले होते. "पाठवतो की!" विकणारा म्हणाला. अजून पाठवतोच आहे.

मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळातून पंख आत घेताना अख्खी गल्ली मदतीला आली. रात्री स्पारच्या, म्हणजे पंखाच्या मुख्य तुळईच्या, मुळाशी टॉर्च मारला, तर बोल्टच्या डोक्यावर 8.8! उद्यमनगरच्या कारखान्यांत हयात गेलेल्याला हा आकडा वाचायला चष्मा लागत नाही. उसाच्या ट्रॉलीला बसतो तो बाजारातला बोल्ट. विमानाच्या एएन बोल्टच्या डोक्यावर फुली किंवा चांदणी असते. ताकदीत 8.8 फार मागे नाही, पण एएनचं माप इंची. पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर, त्या भोकात 6 चा बोल्ट खेळणारच. पंख जिथं धडाला धरतो, तिथंच.

फोन केला. "इंजिनिअर माणूस तुम्ही, दोन बोल्टांवर काय अडलंय?" दोन म्हणे! बोल्ट बदलता येतात हो. पण रिव्हेटची भोकं पत्र्याच्या कडेला चिकटून पाडलेली होती. भोकाचा मध्य कडेपासून व्यासाच्या निदान दुप्पट आत हवा. तो पत्रा भंगारातच जातो.

म्हणून सांगतो, पत्रा मारून बंद केलेला पंख घ्यायचाच, तर समोर चार रिव्हेट काढून आत बघू द्या म्हणावं. नाही म्हणाला, तर चहा पिऊन उठावं. आयातीची कस्टमची कागदपत्रं मूळ मागा. किट कंपनीनं नंतर काढलेल्या दुरुस्त्या केल्यात का, तेही बघा. झोडियाक 601 एक्सएल या किट-विमानाचे पंख हवेत तुटल्यावर 2009 मध्ये ते मजबूत करायची दुरुस्ती काढावी लागली होती.

लोक मला कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांचा दाखला देतात. त्यांनी 2016 मध्ये ते मुंबईच्या प्रदर्शनात मांडलं, तरी डीजीसीएची नोंदणी मिळायला नोव्हेंबर 2017 उजाडला. आपल्या विमानाचा रिव्हेट न् रिव्हेट ठाऊक असलेल्याची ही गत. दुसऱ्यानं काय ठोकलंय ते मी डीजीसीएला कुठल्या तोंडानं सांगणार?

त्याच किटची शेपटी तो अजून विकतोय म्हणे. घेणाऱ्यानं टॉर्च न्यावा.