उन्हाळी सुट्टीतलं काम : नुसती मजुरी की शिक्षणसुद्धा?



मे महिन्यात काही मुलं शिबिराला जातात, काही मामाच्या गावाला. पण आपल्या निफाड, चांदवड, येवला भागात या दिवसांत उन्हाळ कांदा काढायचं आणि चाळीत भरायचं काम चालू असतं. गरीब घरातली मोठी मुलं आईवडिलांबरोबर तिकडे जातात. त्यांना नुसतं "सुट्टीत अभ्यास करा" असं सांगून भागत नाही, कारण घरात पैशाची गरज खरी असते. म्हणून काम करतानाही शिक्षण कसं चालू राहील, हे बघायला हवं.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, श्रम करत आणि शिकत. त्यातूनच 'कमवा आणि शिका' ही परंपरा रुजली. पुढे 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे शाळा सुटलेली मुलंही वेल्डिंग, वीजजोडणी, शेती अशी कामं करत करत शिकली. दोन्ही ठिकाणी कामाच्या जोडीला शिकवणारं माणूस होतं.

कायदा काय सांगतो?
- 14 वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या, धोका नसलेल्या कामात मदत चालते.
- 14 ते 18 वयाच्या मुलांना धोकादायक कामाला लावता येत नाही.
- जिथे त्यांना कामावर ठेवता येतं, तिथेही सलग 3 तासांनंतर तासभर विश्रांती हवी. विश्रांती धरून दिवसाचे 6 तासच. संध्याकाळी 7 ते सकाळी 8 काम नाही. आठवड्याला एक सुट्टी हवीच.

आपण काय करू शकतो?
1. सुट्टीआधी प्रत्येक मुलाला एक वही द्या. रोज तारीख, काम, तास आणि मिळालेला रोज त्याने लिहायचा.
2. त्याच कामातून गणित घ्या. समजा, चाळीत 25 क्विंटल कांदा भरला आणि 4 क्विंटल सडला, तर घट किती टक्के? (उत्तर : 16 टक्के)
3. विज्ञानासाठी प्रश्न द्या. चाळीला खालून आणि बाजूने हवा का लागते? ओला कांदा लवकर का सडतो?
4. आठवड्यातून एकदा वस्तीवर तासभर वही बघा. ते जमत नसेल तर फोन तरी करा.

पालकांना एकच विनंती. मुलाच्या कमाईतून आधी वह्या-पुस्तकं घ्या आणि शाळा उघडायच्या दिवशी त्याला शाळेत पाठवा. "अजून आठ दिवस काम आहे" म्हणून थांबवलं, तर आठाचे पंधरा होतात, आणि मग मूल शाळेत यायला लाजतं. गळती बहुतेक वेळा अशीच सुरू होते.

जूनमध्ये त्या वहीची पानं वर्गात वाचून घ्या. कांदा भरणाऱ्या मुलाला त्या दिवशी इतरांपेक्षा जास्त सांगता येईल.