विमानाची वाट : अंतर आणि वेळ

रस्त्याने जाणारा प्रवासी मैलांचे दगड मोजतो. आकाशात दगड नसतात. तेथे दोन विमानतळांमधील अंतर कसे मोजतात?

९ जानेवारी २०२१ रोजी एअर इंडियाचे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून कोठेही न थांबता बंगळूरला यावयास निघाले. या दोन शहरांमधील ही पहिलीच थेट विमानसेवा. कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली विमान चालविणाऱ्या साऱ्या वैमानिक स्त्रियाच होत्या.

सपाट नकाशावर पट्टीने ओढलेली रेघ येथे फसवी ठरते. पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांवर बोट ठेवून दोरा घट्ट ताणावा. बंगळूरहून निघालेला दोरा चीन व सायबेरिया ओलांडून सुमारे ७१ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो आणि अलास्कावरून खाली उतरतो. या वाटेस बृहद्वृत्त म्हणतात. गोलावरील सर्वांत जवळची वाट हीच. पृथ्वीच्या मध्याशी ती सुमारे १२६ अंशांचा कोन करते. पृथ्वीचा परिघ सुमारे ४०,००० किलोमीटर असल्याने एका अंशास १११ किलोमीटर पडतात. म्हणून अंतर १२६ × १११, म्हणजे सुमारे १४,००० किलोमीटर.

परंतु हे विमान उत्तर ध्रुवावरून आले. ध्रुवापासून सॅन फ्रान्सिस्को ५२ अंश, तर बंगळूर ७७ अंश दूर आहे. बेरीज १२९ अंश. म्हणजे ध्रुवावरील वाट निदान ३३० किलोमीटरांनी लांब. मग ती का धरावी? मध्य अक्षांशांत दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रबळ वारे वाहतात. ताशी ५० किलोमीटर वेगाचा वारा सतरा तास समोरून लागला, तर विमान ८५० किलोमीटर मागे पडते. हे मुंबई-बंगळूर हवाई अंतराइतके झाले. तेवढे इंधन अधिक लागते. म्हणून वाट आखताना अंतराबरोबर वाराही मोजावा लागतो.

आता वेळेचा हिशेब. वेळापत्रकाप्रमाणे विमान ९ तारखेस रात्री ८.३० वाजता निघून ११ तारखेस पहाटे ३.४५ वाजता पोहोचावयाचे होते. वरवर पाहता प्रवास ३१ तास १५ मिनिटांचा दिसतो. पण जानेवारीत भारतीय घड्याळ सॅन फ्रान्सिस्कोच्या घड्याळापेक्षा १३ तास ३० मिनिटे पुढे असते. ते वजा केले की प्रवासाचा खरा काळ उरतो : १७ तास ४५ मिनिटे.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. अंतर नकाशावर नव्हे, गोलावर मोजावे. आणि काळ मोजण्यापूर्वी दोन्ही घड्याळे एका वेळेवर आणावी. विद्यार्थ्यांनी शाळेतील गोलावर दोरा धरून मुंबई आणि न्यूयॉर्क यांमधील वाट शोधून पाहावी. ती किती उत्तरेकडून जाते, हे पाहून त्यांना नवल वाटेल.