झिजलेलं नाणं, की मुळातच तसं?

शंका : नांगरटीत चांदीसारखी तीन जाडसर नाणी निघाली. एका बाजूला नुसते ठिपके आणि वळणं, दुसरीकडे खांबासारखं काहीतरी. अक्षर एकही नाही. सोनार म्हणतो, पार झिजलीत, वितळवा. चिंचेनं घासून पाहू का?
– एक वाचक, ता. दारव्हा (जि. यवतमाळ)

समाधान : चिंच लावू नका. चांदीत तांब्याची भेसळ असेल तर आंबट रस आधी तांबं खातो आणि उरलीसुरली नक्षीही जाते. साधं पाणी, मऊ कापड, बस्स.

आता सोनाराचं म्हणणं. फोटोवरून ही गधैया नाणी दिसतात, आणि बहुतेक गधैयांवर अक्षर नसतंच. इराणच्या सासानी बादशहा पेरोझचं (459–484) नाणं हूणांबरोबर इकडे आलं. आपल्याकडच्या टाकसाळींनी त्याची नक्कल केली, मग नकलेची नक्कल, अशी काही शतकं. मुकुट आणि नाक-डोळ्यांचे ठिपके झाले, अग्निवेदीचा खांब. शिवाय ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे अर्धा चेहरा बाहेरच राहिला.

खात्री अशी करा : बॅटरीचा उजेड बाजूनं तिरपा पाडा आणि ठिपक्यांवरून बोट फिरवा. झीज आधी उंचवट्यांना लागते. ठिपके अजून गोल, टपोरे हाताला लागत असतील तर नाणं फारसं झिजलेलं नाही. पुढे वजन. साधारण 4 ग्रॅम भरलं तर गधैया, काळ ढोबळमानानं नववं ते बारावं शतक. 2 ग्रॅमच्या आसपास आणि मागे बसलेला नंदी असेल तर कलचुरी कृष्णराजाचं. अमरावती जिल्ह्यात धामोरीला अशी मिळाली आहेत. 11 ग्रॅमच्या घरात आणि अरबी लेख असेल तर सुलतानी टंका.

नकलेची ही खोड आपलीच नव्हे. धर्मयुद्धाला आलेले युरोपीय सरदार अक्कोच्या टाकसाळीत मुसलमानी दिरहमांची नक्कल करत, अरबी अक्षरांसकट! पाद्र्यांनी ओरड केल्यावर 1251 पासून मजकूर ख्रिस्ती झाला. लिपी मात्र अरबीच राहिली.

वितळवण्याचा विषय डोक्यातून काढा. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला ठेवा दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. (रक्कम वाचून हसू येईल, पण कायद्यात तीच आहे.) अर्जात गट नंबर, तारीख आणि किती खोलीवर निघाली ते लिहा. आसपास मडक्याची खापरं असतील तर तीही फेकू नका. नाणी पुरून ठेवली होती की सांडली होती, ते त्यावरून कळतं.