चेनला हात लावण्याआधी माप घे

चि. प्रशांत यास,


तू पाठवलेलं कोटेशन पाहिलं. दोन्ही बाजूंच्या नव्या चेन, रोलर, आयडलर, स्प्रॉकेट, सगळा सेट! जुन्या डी-५० डोझरला एवढा खर्च म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. डोझरच्या दुरुस्तीतला साधारण निम्मा पैसा चेन-रोलरच खातात हे खरं, पण तो एकदम घालावाच लागतो असं नाही.

आधी माप घे. सपाट जागी स्प्रॉकेटच्या दात्यात जुनी पिन अडकव आणि हळूच रिव्हर्स घे, म्हणजे वरची चेन ताठ होईल. मग ब्लेड खाली, ब्रेक लावून इंजिन बंद. मास्टर लिंक सोडून सलग चार लिंका मोज, पिनच्या एका कडेपासून पुढच्या चौथ्या पिनच्या त्याच कडेपर्यंत, आणि चाराने भाग. बुशचा बाहेरचा व्यास कॅलिपरने दोन-तीन जागी घे. सगळ्यांत कमी भरेल तो खरा. लिंकेची उंचीही घे. डावी-उजवी बाजू वेगळी लिही आणि मॅन्युअलमधल्या मापांशी ताडून बघ.

झीज हद्दीच्या आत निघाली तर पिन-बुश फिरवून घे. पैसा वसूल करणारं याच्याइतकं दुसरं काम डोझरवर नाही. स्प्रॉकेट बुशला कायम एकाच अंगाने रेटतो आणि आत पिनही एकाच बाजूने खाल्ली जाते. म्हणून दोन पिनांतलं अंतर वाढतं, चेन सापासारखी वळवळते आणि वळताना उतरते. प्रेसवर चेन सोडून पिन आणि बुश अर्धा फेरा फिरवले की कोरी बाजू कामाला येते, अंतरही बरंचसं जागेवर येतं. ड्राय चेनला एवढं पुरे. तेल भरलेली चेन असेल तर सील नवीनच हवीत. जुन्यांवर भागवू म्हणणाऱ्याकडून चेन उचलून आण. बुशला तडा गेला असेल किंवा वरचा कडक थर संपला असेल, तर मात्र फिरवण्यात अर्थ नाही. लिंकेची उंची शिल्लक असली तर तिच्यातच नवे पिन-बुश बसव. लोकल बुश घेताना कानस मारून बघ. घसरली तर घे. चावली तर दुकानातच राहू दे.

तुझा ऑपरेटर म्हणतो, एक लिंक काढून चेन आवळू. अजिबात नको. चेन आखूड होईल, पण प्रत्येक दोन पिनांतलं वाढलेलं अंतर तसंच राहील आणि बुश स्प्रॉकेटच्या दात्यावर चढतच राहील. टोकदार झालेला स्प्रॉकेटही नव्यासारख्या बुशला देऊ नकोस. दाते एकाच बाजूने गेले असतील आणि बसत असतील, तर डावा-उजवा अदलून बघ.

प्लेटांचे ग्राउझर झिजलेत म्हणून प्लेटा बदलू नकोस. ग्राउझर बार वेल्ड करून मिळतो. प्लेट चेनवरून उतरव, आधी तापव आणि रॉड ७०१८ चे, ओव्हनमध्ये वाळवलेले वापर. चेनवर असतानाच वेल्डिंग केलंस तर सील जळतील. ग्राउझर फार उंच करू नकोस, वळताना तोच ताण पिनांवर येतो.

रोलर आणि लिंकेची धाव सबमर्ज्ड आर्कवर भरून मिळते. हाताने भरलेल्या लिंकेवर माझा विश्वास नाही. ती खालीवर राहते आणि चांगला रोलर खाते.

आता बिनपैशाचं. तुझी चेन वीणेच्या तारेसारखी आवळलेली दिसली. आयडलर आणि टॉप रोलरच्या मध्ये २० ते ३० मिलिमीटर झोळ ठेव. काळी माती स्प्रॉकेटमध्ये भरली की चेन आपोआप ताणते, तेव्हा संध्याकाळी फावड्याने साफ कर. चेन ढिली करताना ग्रीसचा व्हॉल्व्ह एका फेऱ्यापेक्षा जास्त सोडू नकोस आणि त्याच्यासमोर तोंड नेऊ नकोस. आतला दाब जीवघेणा असतो. बुश जास्त झिजतात ते रिव्हर्समध्ये, म्हणून रिकामा डोझर मागे पळवायची ऑपरेटरची सवय मोड.

मापं कागदावर लिहून फोटो पाठव. त्यावर बघू, फिरवायचं की बदलायचं. तोवर कुणालाही ॲडव्हान्स देऊ नकोस. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा